छोट्या आगगाडीच्या भट्टीत काय जाळावे?

लोहमार्गावरून धावणाऱ्या वाहनास मराठी माणसाने 'आगगाडी' असे नाव दिले, ते यथार्थ होते. गाडी ओढते ती वाफ. परंतु वाफेच्या मागे पाणी, पाण्याच्या खाली आग आणि आगीच्या मुळाशी इंधन असते. पुढे डिझेलची व विजेची इंजिने आली, आग गेली आणि नाव तेवढे मागे राहिले. भारतात ब्रॉडगेजवरील वाफेच्या इंजिनांची नियमित वाहतूक १९९५ सालाच्या अखेरीस संपली. आता जळत्या कोळशाचे इंजिन पाहावयाचे झाल्यास दार्जिलिंगच्या पहाडी रेल्वेकडे किंवा रेवाडीच्या शेडकडे जावे लागते. नाही तर ते आपल्या हातांनी, लहान प्रमाणावर, घडवावे लागते. या दुसऱ्या मार्गाने जाणाऱ्या हौशी कारागिरास पितळ, तांबे व पोलाद यांच्याइतकाच एक प्रश्न अडवितो. तो म्हणजे, या छोट्या भट्टीत काय जाळावे?

हा प्रश्न आपण झाशी शहरात उभे राहून सोडवू. नारोशंकर १७४२ साली मराठ्यांचे सुभेदार म्हणून येथे आले, तेव्हापासून झाशीत मराठी कुटुंबांची वस्ती आहे. शहराच्या पूर्वेस जुन्या तटाचा लक्ष्मी दरवाजा असून लोक त्याला लक्ष्मी गेट म्हणतात. त्याच्या बाहेर लक्ष्मी ताल, महालक्ष्मीचे मंदिर आणि राजे गंगाधरराव यांची छत्री आहे. शहराच्या दुसऱ्या अंगास, पश्चिमेकडे, रेल्वेची झाशी वसली. इंडियन मिडलंड रेल्वेने १८८९ सालापर्यंत येथून ग्वाल्हेर, कानपूर, भोपाळ व माणिकपूर या चार दिशांना लोहमार्ग नेले. १९०० साली या रेल्वेचा कारभार जी. आय. पी. रेल्वेकडे आला. १९५१ पासून २००३ पर्यंत झाशी मध्य रेल्वेत, म्हणजे मुंबईच्याच रेल्वेत, होती. अशा गावी वाफेच्या इंजिनाची आवड निर्माण होणे स्वाभाविक आहे. तेव्हा, लक्ष्मी गेटच्या आतील वस्तीत राहणाऱ्या एखाद्या कारागिराने झाशीच्या मार्गावर धावणाऱ्या जातीच्या इंजिनाची चालती प्रतिकृती करावयास घेतली आहे, अशी कल्पना करू.

प्रतिकृती म्हणजे काय?

लहान आगगाड्या अनेक प्रकारच्या असतात. पुण्यातील जोशी लघुरेल्वे संग्रहालयात मूळ आकाराच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याच्या गाड्या धावतात. त्या पाहण्यास मोठ्या मनोहर आहेत, परंतु विजेवर चालतात. आपल्या कारागिराचे इंजिन वेगळे आहे. त्याच्या पोटात खरी आग, खरे पाणी व खरी वाफ असणार आहे, आणि मागे जोडलेल्या डब्यावर बसलेल्या माणसांना ते ओढून नेणार आहे.

अशा इंजिनांसाठी जगभर रूढ असलेल्या मापांपैकी एक म्हणजे पाच इंच, अर्थात १२७ मिलिमीटर, रुंदीचा मार्ग. आपला ब्रॉडगेज मार्ग १,६७६ मिलिमीटर रुंद असतो. म्हणजे प्रतिकृती मूळ इंजिनाच्या सुमारे तेराव्या हिश्श्याची झाली. १९४७ पासून भारतात आलेले डब्ल्यू. पी. जातीचे प्रवासी गाडीचे इंजिन आपण नमुना म्हणून घेऊ. त्याच्या भट्टीतील जाळीचे क्षेत्रफळ ४६ चौरस फूट, म्हणजे सुमारे ४.३ चौरस मीटर होते. लांबी व रुंदी दोन्ही तेराव्या हिश्श्याला आल्यावर ही जाळी सुमारे २४५ चौरस सेंटिमीटरांची, म्हणजे अंदाजे सोळा सेंटिमीटर लांब व तितकीच रुंद राहते. शाळेच्या वहीच्या पानाहूनही लहान अशा या जाळीवर इंजिनाची सगळी शक्ती निर्माण व्हावयाची आहे.

रेल्वेने कोळसा कसा शोधला?

लहान इंजिनाचा विचार करण्यापूर्वी मोठ्या इंजिनाने हा प्रश्न कसा सोडविला ते पाहणे उपयुक्त ठरेल. मध्य भारतात लोहमार्ग आले तेव्हा बंगालचा कोळसा दूर होता आणि इंग्लंडहून येणारा कोळसा महाग होता. म्हणून जवळच्या खाणींचा शोध सुरू झाला. नरसिंहपूर जिल्ह्यातील मोहपानी येथे १८६२ पासून कोळसा निघत होता. ती खाण जी. आय. पी. रेल्वेने १९०४ साली विकत घेतली. चांदा जिल्ह्यातील वरोरा येथे १८७१ साली सरकारने खाण सुरू केली आणि त्या कोळशासाठी वर्ध्याहून वरोऱ्यास लोहमार्ग नेला. या कोळशात ओल फार असे, आणि ढीग करून ठेवला असता तो आपोआप तापून पेट घेई. ही खाण १९०६ साली बंद पडली. झाशीच्या पूर्वेकडील उमरियाच्या खाणी १८८० नंतरच्या दशकात सुरू झाल्या.

भारतातील बहुतेक कोळसा गोंडवन काळातील आहे. नद्यांनी वाहून आणलेल्या वनस्पतींबरोबर माती व वाळू येऊन त्याचे थर साचले. त्यामुळे राख होणारे खनिज द्रव्य कोळशाच्या कणाकणांत मिसळलेले असते व ते धुऊन सहजासहजी निघत नाही. शंभर भाग कोळशात तीस ते पंचेचाळीस भाग राख असणे ही आपल्याकडे नित्याची गोष्ट आहे.

रेल्वेच्या अभियंत्यांनी यावर जो उपाय केला तो लक्षात ठेवण्याजोगा आहे. जुन्या इंजिनांची भट्टी दोन्ही बाजूंच्या चाकांमध्ये बसविलेली असल्यामुळे अरुंद असे. डब्ल्यू. पी. इंजिनाची भट्टी मागच्या लहान चाकांच्या वर घेऊन रुंद केली, जाळीचे क्षेत्रफळ वाढविले, आणि पुष्कळ राखेचा कोळसाही त्यात जळू शकेल अशी योजना केली. म्हणजे चांगला कोळसा मिळत नाही म्हणून ते थांबले नाहीत. जो कोळसा मिळत होता त्याला साजेशी भट्टी त्यांनी बांधली. इंधन आणि भट्टी यांची निवड एकत्रच करावयाची असते. लहान इंजिनाच्या बाबतीत हे तत्त्व अधिकच कठोरपणे लागू पडते.

कोळशाचे चार भाग

कोणतेही घन इंधन पारखताना त्याचे चार भाग पाहतात. पहिला भाग ओल. नमुना सुमारे १०५ अंश सेल्सिअसपर्यंत तापविला की ती निघून जाते. दुसरा भाग बाष्पशील द्रव्य. झाकण लावलेल्या मुशीत इंधन सुमारे ९०० अंशांवर सात मिनिटे ठेवले असता जे वायू व डांबराची वाफ बाहेर पडते, ते हे द्रव्य होय. कोळशाची लांब पिवळी ज्योत व काळा धूर यांचे मूळ यातच आहे. तिसरा भाग स्थिर कार्बन. हा जाळीवर निखारा होऊन जळतो. चौथा भाग राख.

या चार भागांच्या प्रमाणावरून इंधनाचा स्वभाव ठरतो. अँथ्रासाइट या सर्वांत जुन्या व कठीण कोळशात बाष्पशील द्रव्य शंभरात दहाहूनही कमी असते. ब्रिटनमधील वेल्सचा सुप्रसिद्ध 'वाफेचा कोळसा' दहा ते वीस भागांच्या दरम्यान येतो. सामान्य दगडी कोळशात ते पंचवीस ते चाळीस भाग असते. लोणारी कोळसा, म्हणजे लाकूड कोंडून जाळून केलेला कोळसा, नीट भाजलेला असेल तर त्यात बाष्पशील द्रव्य थोडे व राख अगदीच अल्प असते.

याखेरीज उष्णतामूल्य पाहतात. एक किलो इंधन पूर्ण जळले असता किती उष्णता मिळते, ते हे मूल्य सांगते. वेल्सच्या चांगल्या कोळशापासून सुमारे ८,००० किलोकॅलरी मिळतात. चांगल्या लोणारी कोळशापासून सुमारे ७,०००. वाळलेल्या लाकडापासून ३,५०० ते ४,०००. भारतात २०१२ पासून कोळशाच्या प्रती याच मूल्यावरून ठरतात. ७,००० किलोकॅलरींहून अधिक मूल्याचा कोळसा पहिल्या प्रतीचा असतो, तर ४,००० ते ४,३०० किलोकॅलरींचा कोळसा अकराव्या प्रतीत जातो.

येथे सामान्य वाचक म्हणेल की, मग ज्याचे उष्णतामूल्य सर्वांत अधिक ते इंधन निवडावे, म्हणजे झाले. परंतु लहान भट्टी असे म्हणू देत नाही.

आकार घटला की स्वभाव पालटतो

वस्तू तेरापट लहान केली म्हणजे तिचे क्षेत्रफळ तेरा गुणिले तेरा, अर्थात सुमारे १७० पट, आणि घनफळ दोन हजारांहून अधिक पट कमी होते. क्षेत्रफळापेक्षा घनफळ तेरापट वेगाने घटते, या एका गोष्टीत लहान भट्टीच्या साऱ्या अडचणी सामावलेल्या आहेत.

पहिली अडचण ज्योतीची. मोठ्या भट्टीत कोळशातून निघालेला वायू जाळीपासून नळ्यांपर्यंत पुष्कळ अंतर जातो आणि वाटेत हवेत मिसळून जळतो. लहान भट्टीत हे अंतर काही सेंटिमीटरांचेच असते. वायू अर्धवट जळलेला असतानाच बोटापेक्षा बारीक नळ्यांमध्ये शिरतो. नळ्यांच्या भोवती पाणी असल्यामुळे तो तत्काळ थंड होतो, विझतो आणि काजळी होऊन नळीच्या आत बसतो. काजळी उष्णतेला अडविते. काही वेळाने नळ्या तुंबतात, हवेची ओढ मंदावते व वाफेचा दाब उतरू लागतो. म्हणून बाष्पशील द्रव्य अधिक असलेला कोळसा कागदावर कितीही श्रीमंत दिसला, तरी लहान भट्टीत त्याची बरीचशी श्रीमंती धुराड्यातून उडून जाते.

दुसरी अडचण याच्या उलट आहे. आगीच्या घनफळाच्या मानाने तिला वेढणाऱ्या थंड भिंती तेरापट अधिक झाल्या. या भिंतींच्या मागे पाणी आहे. त्यामुळे लहान आग सतत उष्णता गमावीत असते. पेटावयास कठीण असलेले इंधन, जसे अँथ्रासाइट किंवा कोक, जोराची हवा मिळेपर्यंत उत्तम जळते. परंतु इंजिन थांबले व हवेची ओढ कमी झाली की त्याचा निखारा पाहता पाहता काळा पडतो.

तिसरी अडचण थराची. जाळीवर निखाऱ्यांचा थर जाड झाला तर खाली निर्माण झालेला कार्बन डायऑक्साइड वर जाताना आणखी कार्बन घेतो आणि त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो. एक किलो कार्बन पूर्ण जळला तर सुमारे ७,८०० किलोकॅलरी मिळतात. तोच मोनॉक्साइडच्या रूपाने निसटला तर सुमारे २,२०० मिळतात. म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. यासाठी थर माफक ठेवावा आणि भट्टीच्या दारास बारीक छिद्रे पाडून आगीच्या वरूनही थोडी हवा द्यावी.

या तिन्हींचा मेळ घातला असता असे दिसते की, लहान भट्टीस धूर करण्याइतका वायू नको आणि आग टिकून राहणार नाही इतका वायूचा अभावही नको. वेल्सचा वाफेचा कोळसा प्रतिकृतींसाठी इतका वाखाणला गेला, त्याचे कारण हे मध्यम प्रमाणच होय. तुकड्याचा आकारही महत्त्वाचा आहे. आपल्या जाळीस दहा ते पंधरा मिलिमीटरांचे, म्हणजे साधारण सुपारीच्या खांडाएवढे, सारख्या मापाचे तुकडे योग्य. भुकटी चाळून टाकावी. ती जाळीच्या फटी बुजविते.

'आयेशा'चा दाखला

एके काळी एवढ्या लहान इंजिनात कोळसा जळणारच नाही, असे जाणते लोकही मानीत. इंग्लंडमधील लहान इंजिने बहुधा स्पिरिटच्या दिव्यावर चालत. 'एल. बी. एस. सी.' या टोपणनावाने लिहिणारे लॉरेन्स नावाचे कारागीर 'मॉडेल इंजिनिअर' या नियतकालिकातून याविरुद्ध आग्रहाने लिहू लागले. १९२२ ते १९२४ या काळात हा वाद इतका रंगला की 'बॉयलरांची लढाई' या नावानेच तो ओळखला जातो. लॉरेन्स यांचे 'आयेशा' हे इंजिन अवघ्या अडीच इंच मार्गाचे होते. मोठ्या इंजिनासारखाच नळ्यांचा बॉयलर व खरा कोळसा वापरून ते माणसांना ओढीत असे. भट्टी, नळ्या आणि धुराड्यातील वाफेचा झोत यांची मापे एकमेकांशी जुळविली तर लहान आगही टिकते, हे त्यातून सिद्ध झाले.

१९६९ पासून ब्रिटनमध्ये प्रतिकृती इंजिनांच्या कार्यक्षमतेची वार्षिक स्पर्धा भरते. तीत किती कोळसा जाळून किती काम केले याचे मोजमाप होते. कोळशातील उष्णतेचे शंभरातील दोन-तीन भाग जरी ओढण्याच्या कामी आले तरी ते इंजिन उत्तम गणले जाते. उरलेले सर्व भाग वाया जातात. तेव्हा इंधनाच्या निवडीत होणारी लहानशी चूकही इंजिन मार्गात उभे करण्यास पुरेशी असते.

लक्ष्मी गेटच्या कारागिराचा हिशेब

आता आपल्या कारागिराकडे परतू. वेल्सचा कोळसा त्याला सहज मिळणारा नाही. त्याच्या हाताशी काय आहे? वीटभट्टीचा दगडी कोळसा, लोहाराचा कोक, तंदुरीसाठी विकला जाणारा लोणारी कोळसा, आणि दक्षिणेतून येणारा नारळाच्या करवंटीचा कोळसा.

आपण ८,००० किलोकॅलरी उष्णता हवी असे धरू. वेल्सच्या कोळशाचा यासाठी एक किलो लागेल. त्याची जागा सुमारे सव्वा लिटर आणि राख सुमारे ५० ग्रॅम. ४,००० किलोकॅलरी मूल्याचा व शंभरात ३५ भाग राखेचा देशी कोळसा दोन किलो लागेल. जागा सुमारे दोन लिटर व तिसऱ्याचा एक-तृतीयांश, आणि राख ७०० ग्रॅम. म्हणजे तेवढ्याच उष्णतेसाठी चौदापट राख. आपल्या देशी कोळशाची राख बहुधा लवकर वितळत नाही, त्यामुळे जाळीवर तिची खडी कमी जमते. हा त्याचा गुण मानावा. परंतु वहीच्या पानाएवढ्या जाळीखाली ७०० ग्रॅम राख मावावयाची कोठे? अर्ध्या तासातच जाळी गुदमरेल.

लोणारी कोळसा सुमारे १,१४० ग्रॅम लागेल आणि राख ३५ ग्रॅमांच्या आसपास राहील. परंतु तो अतिशय हलका असतो. एक लिटर मापात जेमतेम पाव किलो बसतो. म्हणून त्याला साडेचार लिटरांहून अधिक जागा हवी. आपल्या भट्टीत चार सेंटिमीटर जाडीचा थर म्हणजे सुमारे एक लिटर आग. वेल्सच्या कोळशाची एक लिटर आग ६,४०० किलोकॅलरी साठविते, तर लोणारी कोळशाची १,७५०. परिणामी भट्टीचे दार साडेतीन पट अधिक वेळा उघडावे लागते, दर वेळी थंड हवा आत शिरते, आणि चालकाचे लक्ष मार्गावरून व पाण्याच्या काचेवरून ढळते. शिवाय हलके निखारे वाफेच्या झोताबरोबर धुराड्यातून ठिणग्या होऊन उडतात.

करवंटीचा कोळसा या दोहोंच्या मध्ये येतो. नारळाची करवंटी दाट व कठीण असते, म्हणून तिचा कोळसाही दाट होतो. त्याचे उष्णतामूल्य ७,२०० च्या घरात धरले आणि एक लिटरात सुमारे ४५० ग्रॅम बसतात असे मानले, तर ८,००० किलोकॅलरींसाठी १,१०० ग्रॅम, अडीच लिटरांच्या आत जागा आणि वीस-पंचवीस ग्रॅम राख, असा हिशेब येतो. म्हणजे जागा देशी दगडी कोळशाइतकीच, आणि राख तिसाव्या हिश्श्याच्या आसपास. त्यात गंधकही नगण्य असते. झाशीसारख्या ठिकाणी, जेथे उत्तम वाफेचा कोळसा दुर्मिळ आहे, तेथे लहान भट्टीसाठी करवंटीचा कोळसा हीच पहिली पसंती असावी, असे हा हिशेब सांगतो. त्यात निवडून घेतलेल्या कमी राखेच्या दगडी कोळशाचा थोडा अंश मिसळला तर आग अधिक काळ टिकते.

इतर इंधनांविषयी थोडक्यात सांगता येईल. झरियाचा कोकक्षम कोळसा तापल्यावर मऊ होऊन फुगतो व एकजीव होतो. पातळ थरात अशी पोळी झाली की हवाच बंद पडते. आसामच्या कोळशात राख कमी असते, परंतु वायू व गंधक अधिक असते. गंधकाचा वायू ओलीशी मिळून आम्ल होतो आणि थंड बॉयलरच्या तांब्यास खातो. तेलशुद्धीकरणातून मिळणाऱ्या पेट्रोलियम कोकची राख अत्यल्प असली तरी गंधकामुळे तोही वर्ज्य समजावा. लोहाराचा कोक जोराच्या भात्यापुढे जळावयाचा असतो. थांबत-थांबत चालणाऱ्या इंजिनात तो विझतो. लाकूड व गोवऱ्या यांत वायू फार व उष्णता थोडी. लाकडाच्या चिपा आग पेटविण्यापुरत्याच वापराव्यात.

शाळेतही करता येईल अशी परीक्षा

दुकानदाराच्या शब्दावर न विसंबता कारागिराने स्वतः परीक्षा करावी. शाळांतील विद्यार्थ्यांनीही ती शिक्षकांच्या देखरेखीखाली, मोकळ्या जागेत, करून पाहावी. वाळवून वजन केलेले शंभर ग्रॅम इंधन लोखंडी पात्रात पूर्ण जाळून उरलेली राख तोलावी. जितके ग्रॅम राख, तितके शेकडा प्रमाण. दगडी कोळशाची चिमूटभर भुकटी झाकण लावलेल्या मुशीत तापवावी. थंड झाल्यावर भुकटी सुटी राहिली तर कोळसा लहान भट्टीस चालेल. तिची गोळी झाली तर तो टाळावा. शेवटी एक लिटरच्या मापात इंधनाचे सारखे तुकडे भरून वजन करावे. या तीन आकड्यांवरून पुष्कळ उलगडा होतो.

आग पेटविल्यानंतर

इंधन निवडल्यावर त्याच्या स्वभावाप्रमाणे वागावे लागते. बॉयलर थंड असताना धुराड्यात हवेची ओढ नसते. म्हणून धुराड्यावर विजेचा छोटा पंखा बसवून हवा ओढून घेतात. थोडा दाब आल्यावर इंजिनातील वाफेची फुंकणी ते काम करते, आणि गाडी चालू लागल्यावर सिलिंडरातून सुटणारी वाफच आगीला फुंकते. कोळसा एकदम न घालता थोडा-थोडा, सर्वत्र सारखा पसरावा. मोठ्या इंजिनावरील आगवाला हेच करीत असे. धुराड्याच्या तळाशी तारेची बारीक जाळी बसविल्यास ठिणग्या अडतात. बुंदेलखंडातील उन्हाळ्यात वाळलेल्या गवतावर पडलेली एक ठिणगीही अनर्थ करील.

कार्बन मोनॉक्साइड या वायूस रंग नसतो व वासही नसतो. थंडीच्या दिवसांत बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलेली माणसे सकाळी मृत सापडल्याच्या बातम्या उत्तर भारतात दर हिवाळ्यात येतात. लोणारी व करवंटीचा कोळसा धूर करीत नाहीत, म्हणून ते निरुपद्रवी वाटतात. वस्तुतः धुराची सूचना मिळत नसल्यामुळे ते अधिक फसवे आहेत. इंजिनात आग पेटवावयाची ती मोकळ्या आकाशाखालीच.

याहून मोठी सावधगिरी पाण्याची. वायूचा किंवा स्पिरिटचा दिवा चावी फिरवून विझविता येतो. निखारे विझविता येत नाहीत. भट्टीच्या माथ्यावरील पाणी कमी झाले तर तेथील तांबे व त्यावरील चांदीमिश्रित डाख उघडे पडतात. असा डाख ६०० ते ७०० अंशांवर वितळतो, आणि निखारे १,००० अंशांहून अधिक तापलेले असतात. म्हणून घन इंधन वापरणाऱ्या इंजिनाची जाळी क्षणात खाली पाडता येईल अशीच असली पाहिजे. पाण्याची काच, सुरक्षा झडप व पाणी भरण्याची दोन स्वतंत्र साधने असल्याखेरीज आग पेटवू नये. नवा बॉयलर प्रथम थंड पाण्याने भरून कामाच्या दाबाच्या दुप्पट दाबावर तपासण्याची प्रथा आहे. तपासणी अनुभवी माणसाकडून करून घ्यावी. १९२३ च्या जुन्या कायद्याची जागा २०२५ च्या बॉयलर कायद्याने घेतली आहे, परंतु २५ लिटरांहून कमी धारणेचे पात्र त्याच्या व्याख्येत येत नाही. आपल्या प्रतिकृतीचा बॉयलर यापेक्षा पुष्कळच लहान असतो. सरकारी निरीक्षक तो तपासावयास येणार नाही. त्यामुळे डब्यावर बसणाऱ्या मुलांच्या जिवाची जबाबदारी सर्वस्वी कारागिरावरच येते.

कोळशानंतर काय?

ज्या वेल्सच्या कोळशाचा आपण आदर्श म्हणून विचार केला, त्याचाही काळ सरत आला आहे. दक्षिण वेल्समधील मर्थर टिडफिलजवळची फॉस-अ-व्रान ही मोठी उघडी खाण ३० नोव्हेंबर २०२३ रोजी बंद झाली. इंग्लंडमध्ये घरगुती दगडी कोळशाच्या विक्रीवर त्याच वर्षापासून बंदी आली. जुन्या रेल्वे जपणाऱ्या तेथील संस्थांना याची चाहूल आधीच लागली होती. नॉरफोक परगण्यातील बुअर व्हॅली रेल्वे ही पंधरा इंच मार्गाची छोटी रेल्वे असून तिच्यावर २०२१ साली पर्यायी इंधनांच्या चाचण्या झाल्या. त्यांत कोळशाच्या भुकटीबरोबर वनस्पतिजन्य द्रव्य मिसळून केलेल्या वड्याही होत्या, आणि त्या वनस्पतिजन्य द्रव्यात ऑलिव्हच्या फळांच्या आठ्या वापरल्या जातात.

आठी काय किंवा करवंटी काय, दोन्ही बीजाचे रक्षण करणारी दाट, कठीण कवचे आहेत. लक्ष्मी गेटचा आपला कारागीर करवंटीकडे वळला, तर इंग्लंडमधील रेल्वेने आठ्या असलेल्या वड्यांची चाचणी घेतली. अर्थात प्रत्येक नवे इंधन आपली भट्टी मागते. आपला कारागीर करवंटीचा कोळसा घेणार असेल, तर त्याने डब्ल्यू. पी. सारख्या रुंद भट्टीच्या इंजिनाचा नमुना निवडावा, भट्टी शक्य तितकी खोल ठेवावी, नळ्या फार बारीक घेऊ नयेत आणि राखेचा कप्पा सहज काढता येईल असा करावा. हे सर्व आराखडा काढतानाच ठरवावे लागते. तांबे कापून झाल्यावर जो इंधनाचा विचार करावयास बसतो, त्याला मग मिळेल त्या कोळशाशी रोज झगडावे लागते.